खोटा मासा

मळीवाडी, ता. वाळवा, जि. सांगली
दि. २० जुलै २०२४

चि. गोमटेश यास आण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद. जय जिनेंद्र.

पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर मला आता काही धड ऐकू येत नाही. तुझ्या बहिणीने, स्वप्नालीने इस्लामपूरहून कानाचं नवं मशीन आणून दिलं, ते नुसती शिट्टी मारतं. गेल्या रविवारी तू काय बोललास आणि मी काय उत्तर दिलं, याचा मेळ लागला नाही. म्हणून इथून पुढं मी लिहीन, तूही लिही. माझं अक्षर चौथीपर्यंतचं आहे, चालवून घे.

इकडे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. कृष्णेचं पाणी नदीकाठच्या मळीच्या रानात शिरलं, ऊस कमरेपर्यंत बुडाला. मी रोज सकाळी घाटाच्या पायऱ्या मोजून येतो. काल अकरा दिसत होत्या, आज सात. कोयनेचे दरवाजे उघडणार असं पेपरात आहे. गुडघा दुखतो, पण मोजल्याशिवाय चहा जात नाही.

आता मुद्द्याचं. परवा मंदिराच्या कट्ट्यावर आप्पासोने मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. खाडीच्या खडकावर तू उभा, हातात हातभर लांब लाल मासा, आणि तू हसतोयस. आप्पासोने विचारलं, नेमाण्णा, पोरगं पंपावर नोकरीला गेलंय का मासं धरायला. चार माणसं हसली. मी म्हणालो, चष्मा नाही, दिसत नाही. चष्मा नाकावरच होता.

गोमटेश, आपल्या घरात पाणीसुद्धा गाळून पितात. आजपासून चातुर्मास बसला. तू चिपळूणच्या खाडीकाठी नळपाण्याचा पंप चालवतोस, पाण्याशी तुझा संबंध तेवढाच असावा. त्यातून पावसाळ्यात खडक निसरडे, वर ओढ्याचं पाणी, खाली भरती. पाय गेला तर कोणाला कळणार? तुझी आई हे बघायला नाही ते बरं, असं माझ्या तोंडून गेलं आणि मग मला दिवसभर जेवण गेलं नाही. या सव्वीस तारखेला तिला जाऊन तीन वर्षं होतील.

हे सोड, आणि दशलक्षण पर्वाला घरी ये. दहा दिवस जमत नसेल तर शेवटच्या क्षमावाणीला तरी ये. वर्षाची माफी माणसं समोरासमोर मागतात त्या दिवशी. आईच्या मागे तू एकदाही आलेला नाहीस.

आकाराम भोई वाटेत भेटला, तुझी चौकशी करत होता. मी जास्त बोललो नाही. त्यांच्या आळीतून मी जात नाही, जाळ्यांचा वास सोसत नाही.

सौ. चंदनास आशीर्वाद. उकळलेलं पाणी प्यावं, तिकडे तापाची साथ आहे असं वाचलं. माया पातळ होऊ देऊ नये, एवढंच मागणं.

तुझा आण्णा

•

पंपघर, खाडीकाठ, ता. चिपळूण
दि. २९ जुलै २०२४

तीर्थरूप आण्णांस गोमटेशचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. सव्वीस तारखेला चंदनाने आईच्या फोटोला हार घातला. मी जेवलो नाही.

फोटो खरा आहे. पण मासा मारलेला नाही, हातात धरून पुन्हा पाण्यात सोडला. मी गांडूळ, कोळंबी काही लावत नाही. गळाला प्लास्टिकचा खोटा मासा असतो, रंगवलेला, पोटात छर्रे घातलेला. तो लांब फेकायचा आणि हिसके देत ओढत आणायचा. खऱ्या माशाला वाटतं, एखादा जखमी बारका मासा चाललाय, आणि तो झडप घालतो. गळाचं उलटं टोक मी कानशीने घासून काढलंय, म्हणजे तोंडातून लगेच सुटतो.

हे मला जोतीरामने शिकवलं. तो पंपघराचा वॉचमन, म्हसवडचा, पलटणीतून रिटायर झालेला. दुष्काळी गावचा माणूस, पोहायला येत नाही, पण पाणी दिसलं की त्याचे पाय तिकडे वळतात. म्हणतो, आमच्याकडं टँकर आला तरी लोक कौतुकानं बघाय जायचे, हितं तर आख्खी खाडी हाय गड्या. मोठा पाऊस होऊन गेला की तो मला हाक मारतो. डोंगरातलं लाल पाणी वरून येतं, भरतीचं हिरवं पाणी खालून चढतं, आणि दोन्ही भेटतात तिथं पाण्यावर सरळ रेघ दिसते. मासे त्या रेघेवर थांबलेले असतात. गढूळ पाण्यात पिवळा खोटा मासा चालतो, निवळ पाण्यात पांढरा.

तुम्हाला वाटेल, याला असला नाद का लागला. आण्णा, आई गेली त्या पुरानंतर पाऊस वाढला की माझ्या छातीत गच्च होतं. त्या आठवड्यात चिपळूणही बुडालं होतं, कुंभार्ली घाट बंद होता, मला निघता आलं नाही. तुम्ही दोघं वरच्या माडीवर, आईचं इन्सुलिन खाली पाण्यात गेलेलं, आणि दोन दिवस एकही बोट आली नाही. हे तुम्हीच सांगितलंत तेव्हापासून मी त्याच दोन दिवसांत अडकलोय. घरात बसलो की पाण्याचा आवाज ऐकवत नाही. हातात गळ असला की पाण्याकडे बघता येतं. एवढंच.

क्षमावाणीचं रजेवर अवलंबून आहे. तुम्ही पायऱ्या मोजायला जाऊ नका, त्या शेवाळलेल्या असतात. स्वप्नालीला जपा म्हणावं. आहे तो जिव्हाळा तसाच ठेवावा.

आपला आज्ञाधारक
गोमटेश

•

मळीवाडी
दि. ६ ऑगस्ट २०२४

चि. गोमटेश यास अनेक आशीर्वाद. जय जिनेंद्र.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा जेवायच्या आधी, एकदा नंतर, आणि एकदा पोस्टमनला तारीख विचारायला गेलो तेव्हा त्याच्या ओट्यावर.

तू म्हणतोस मारत नाही, सोडतो. मला हे जास्त वाईट वाटलं. जो खातो त्याची निदान भूक तरी भागते. तू कशासाठी त्या जिवाचं तोंड फाडतोस? वर खोटा मासा दाखवून खऱ्याला फसवायचं. म्हणजे हिंसा झाली आणि असत्यही झालं, पाचातली दोन व्रतं एका दोरीत बुडवलीस. चोरी तेवढी राहिली, ती जोतीराम शिकवील.

आणखी एक शंका आहे. ओढाताणीत दोरी तुटली तर? तो खोटा मासा त्याच्या तोंडात तसाच अडकून राहणार. मग तो खाणार काय, आणि किती दिवस तसा फिरणार? मला काल हेच आठवत राहिलं. भाकरी तोंडात फिरत राहिली.

पुराचं तू लिहिलंस. ते जुनं झालं, उकरू नये. जे व्हायचं ते झालं. तू यायला पाहिजे होतास असं मी कधी म्हटलेलं नाही.

इकडचं पाणी उतरलं, पण घरात ओल आहे. माडीवरच्या त्या खिडकीचं लाकूड फुगलंय, बंद होत नाही. सुतार येतो म्हणून आला नाही. स्वप्नाली म्हणते, आण्णा, माझ्याकडं येऊन राहा, एकटं कशाला भिंतींकडं बघत बसता. पण घर सोडवत नाही.

क्षमावाणी १८ सप्टेंबरला आहे, बुधवारी. रजेचा अर्ज आत्ताच टाक. माझा धीर फार पुरत नाही. लळा तोडू नये.

तुझा आण्णा

•

पंपघर
दि. १६ ऑगस्ट २०२४

ती. आण्णांस शि. सा. न. वि. वि.

मी येत नाही. रजेचा प्रश्न नाही, रजा आहे.

तुम्ही लिहिलंत, जुनं उकरू नये. तीन वर्षं तुम्ही हेच म्हणताय. आईचं नाव निघालं की तुम्ही सुताराचं, भाकरीचं, गुडघ्याचं बोलता. फोनवर ऐकू येत नाही हे खरं, पण ऐकू येत होतं तेव्हाही तुम्ही हेच करत होता. ती शेवटी काय बोलली, मला हाक मारली का, दोन दिवस तुम्ही दोघांनी काय केलं, यातलं मला काही माहीत नाही. अशा घरात येऊन मी कोणाला हात जोडू?

माशाचं तोंड फाटतं हे तुम्हाला दिसलं. बाकीचं दिसत नाही.

चंदना म्हणते असं लिहू नका, वडील माणूस आहे. पण एकदा लिहून झालं, आता पाठवतो. गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

गोमटेश

•

मळीवाडी
दि. २७ ऑगस्ट २०२४

चि. गोमटेश यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला चार वेळा बसलो. चार कागद फाडले.

परवापासून पुन्हा मुसळधार लागलाय. धरण भरलं, कोयनेचे दरवाजे उचलले. आप्पासोने मला सांगितलं की वीजघरातून सोडलेलं कोयनेचं पाणी डोंगराखालून तुमच्या वाशिष्ठीला जातं. मला हे या वयात कळलं. म्हणजे दरवाज्यातून आलेलं पाणी माझ्याकडे येतं आणि बोगद्यातलं तुझ्याकडे. दोघांच्या दारात एकाच धरणाचं पाणी. मला हे चांगलं लक्षण वाटलं नाही.

माझ्यावर राग आहे तो ठेव. पण या पावसात खडकावर उभा राहू नकोस. नाराज माणसाचा पाय नीट पडत नाही. दोन ओळी तरी लिही. पोस्टकार्ड चालेल. चंदनाने लिहिलं तरी चालेल.

तुझा आण्णा

•

पंपघर
दि. ५ सप्टेंबर २०२४

ती. आण्णांस शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाचा की मी बरा आहे. हात प्लास्टरमध्ये आहे तो डावा. लिहायचा उजवा शाबूत आहे. स्वप्नालीला मी सांगितलं नव्हतं, म्हणून तिच्यावर रागावू नका.

तुमचं पत्र मी पडलो त्याच दिवशी दुपारी मिळालं, मी दवाखान्यातून आलो तेव्हा. सकाळी पाऊस उघडला होता. मी आणि जोतीराम पऱ्याच्या तोंडाशी गेलो, म्हणजे डोंगरातला ओढा खाडीला मिळतो तिथं. ओहोटी लागली होती, लाल पाणी जोरात बाहेर पळत होतं. तिसऱ्या फेकीला मासा लागला. मोठा होता. मी दोरी ढिली सोडायला पाहिजे होती, ती धरून ठेवली. का धरली सांगता येत नाही. खडकावर कालवांच्या शिंपल्या होत्या, पाय सरकला, आणि मी पाण्यात.

जोतीरामला पोहता येत नाही. तो काठाकाठाने पळत सुटला आणि ड्यूटीची शिट्टी जिवाच्या आकांताने वाजवत राहिला. मला बुडताना ती ऐकू येत होती. अर्धा मैल खाली भोयांची एक होडी जाळं काढत होती. त्यांनी शिट्टी ऐकून होडी आडवी घातली आणि मला शर्टाला धरून वर ओढलं.

आण्णा, मी त्या होडीत माशांच्या ढिगावर पडलो होतो. ते जिवंत होते, माझ्या पाठीखाली फडफडत होते. एका म्हाताऱ्याने आपली बंडी काढून माझ्या अंगावर टाकली. त्याने माझं नाव, गाव, जात काही विचारलं नाही. म्हणाला, हालू नको, काठ आला. मला किळस वाटायला पाहिजे होती. मला एकच वाटलं की अशी एक होडी, कसलीही, त्या दिवशी आपल्या माडीखाली आली असती तर आई आज असती.

दोरी तुटली. मासा खोटा मासा तोंडात घेऊन गेला. तुमची शंका खरी झाली.

मागच्या पत्रात मी फार बोललो. प्लास्टर निघायला वेळ आहे, क्षमावाणीला येणं होणार नाही. तुम्ही काळजी करणार हे माहीत आहे, पण थोडी कमी करावी.

आपला
गोमटेश

•

मळीवाडी
दि. १८ सप्टेंबर २०२४, क्षमावाणी

चि. गोमटेश यास आशीर्वाद.

आज मंदिरात सगळ्यांनी एकमेकांना हात जोडले. आप्पासोने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, फोटोवरून तुम्हाला बोललो, मनात ठेवू नका. मीही त्याची माफी मागितली. इतकं सोपं असतं ते, जिथं काही नसतं तिथं.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. मी स्वप्नालीलाही दाखवलेलं नाही. आता लिहितो. लिहिताना थांबलो तर पुन्हा होणार नाही, म्हणून शाई सांडली तरी कागद बदलणार नाही.

त्या दिवशी बोट आली होती.

पुराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आकाराम भोई आपली बोट घेऊन माडीच्या खिडकीखाली आला. सरकारी बोटी अजून गावात यायच्या होत्या. हा आपल्या मनाने फिरत होता. तुझ्या आईला आदल्या रात्रीपासून इन्सुलिन नव्हतं, पण ती चालती बोलती होती. बोट बघून तिने पिशवी घेतली आणि चपला घातल्या.

बोटीत ओली जाळी होती आणि एक पाटी होती. पाटीतले मासे हलत होते. पुरात जे अडकलं होतं ते त्याने काढलेलं. चातुर्मास नुकता बसला होता. मी आकारामला म्हणालो, यात आम्ही कसं बसायचं, सरकारी बोट येईल, तू जा. तो म्हणाला, ती यील तवा यील, वहिनीस्नी तरी द्या माझ्याकडं. मी नको म्हणालो. मी खिडकी लावून घेतली. तीच खिडकी, जी आता लागत नाही.

तू विचारलंस ती काय बोलली. काही बोलली नाही. तिने चपला काढल्या आणि भिंतीकडेला जोडून ठेवल्या. मग पाटावर बसून जप करायला लागली. दुपारनंतर तिला तहान लागली, ती भागेना. रात्री ती तुला आणि स्वप्नालीला नावं घेऊन जेवायला बोलवत होती, तुम्ही लहान असल्यासारखी. दुसऱ्या दिवशी सरकारी बोट आली तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. इस्लामपूरच्या दवाखान्यात एक दिवस काढला.

गावात कोणाला हे माहीत नाही. आकारामने आजपर्यंत कुठं तोंड उघडलेलं नाही. म्हणून मी त्याच्या आळीतून जात नाही. जाळ्यांच्या वासाचं मी तुला खोटं लिहिलं.

तुला मी खोट्या माशावरून बोललो. तो मासा गळ तोंडात घेऊन गेला म्हणतोस. मला त्याचं कसं होत असेल ते माहीत आहे.

तू तीन वर्षं स्वतःला दोष देत होतास आणि मी देऊ दिला. मी तुझी क्षमा मागतो. द्यावी असं म्हणत नाही.

नेमिनाथ

•

पंपघर
दि. २५ सप्टेंबर २०२४

ती. आण्णांस,

पत्र मिळालं. आईने चपला काढून ठेवल्या, इथपर्यंत वाचतो आणि मिटतो.

उत्तम क्षमा हे दोन शब्द लिहायला घेतले होते. झाले नाहीत. खोटं लिहिणार नाही.

रविवार, ६ ऑक्टोबरला सकाळच्या गाडीने कराडला उतरून गावात येतो. चंदना येणार नाही, मी एकटा. घरी येणार नाही. आधी आकारामकाकांच्या दारात जाणार आहे. तुम्हाला यायचं असेल तर तिथं या.

गळ जोतीरामला देऊन टाकला. तो म्हणाला, मी बी आता न्हाई जात, शिट्टी वाजवून छाती दुखतीया.

गोळ्या चुकवू नका.

गोमटेश

•

मळीवाडी
दि. १ ऑक्टोबर २०२४

चि. गोमटेश यास आशीर्वाद.

रविवारपर्यंत मला राहवलं नाही. काल सकाळी मी एकटा आकारामकडे गेलो. तो ओट्यावर बसून जाळं सांधत होता. त्याला आता कमरेतून उठता येत नाही. मी वहाणा काढून त्याच्यासमोर खाली बसलो तर तो घाबरला, म्हणाला, आवं नेमाण्णा, वर बसा की, लोक बघत्यात.

बनुबाई, त्याची बायको, पाणी घेऊन आली. तांब्यावर स्वच्छ फडकं धरून, माझ्यासमोर गाळून दिलं. मी काही सांगितलं नव्हतं. मी ते प्यालो.

मग मी हात जोडले आणि जे बोलायचं ते बोललो. ऐकू येत नसल्याने माझा आवाज मोठा झाला असणार, आळीतली माणसं दारात आली. आकारामने हातातलं जाळं बाजूला ठेवलं. नंतर माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, तवाच एक शबुद बोलायचा हुता, आण्णा. पाटी पाण्यात उलटी केली आसती, जाळी छपरावर टाकली आसती आन बोट धुऊन आणली आसती. चौफेर पानीच हुतं की.

तो मला रागावला असता तर बरं झालं असतं.

मी कालपासून तेच मोजतोय. बोट धुवायला किती वेळ लागला असता. बादलीने दहा मिनिटं, फार तर पंधरा.

घाटाच्या पायऱ्या सगळ्या उघड्या पडल्या आहेत, पाणी तळाला गेलं. तुझी गाडी कराडला आठला येते, इथं यायला साडेनऊ होतील. मी सातलाच आकारामच्या ओट्यावर जाऊन बसेन. तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, पण हात गळ्यात बांधून ये, गाडीत धक्के बसतात. आईच्या चपला मी अजून तिथंच भिंतीकडेला ठेवल्या आहेत. त्या कुठं ठेवायच्या ते तू आल्यावर सांग.

तुझा आण्णा